दिवस मावळायच्या आत

जयदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर उडदाचे पापड उलटत होते. फोन पारसचा होता. पारस म्हणजे दादाचा मुलगा. शेलूबाजारचं आमचं किराणा दुकान आता तोच सांभाळतो. "आत्या, पप्पा गेले," एवढं म्हणून तो रडायला लागला, आणि मग रडत रडतच सगळं सांगत सुटला. आदल्या दिवशी दिवेलागणीला पप्पांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला, अंगाला दरदरून घाम आला. पारसनं विचारलं, "पप्पा, काय होऊन राह्यलं? कुठं दुखते काय?" पप्पांनी हात जोडले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हे त्यांचं रोजचंच, म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. सकाळी ऊन ओट्यावर आलं तसे ते उठून बसले आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पारस, काल सांजेपासून छातीत दुखून राह्यलं." गाडी काढली, वाशिमचा रस्ता धरला, पण दवाखाना यायच्या आधीच दादा संपला होता. "आत्या, रात्रीच सांगतलं असतं तर वाचले असते का वो? काहून नाही सांगतलं त्यायनं?" पारस पुन्हा पुन्हा विचारत होता. मला कारण ठाऊक होतं. पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं. पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. निघते, म्हटलं, आणि पापड तसेच टाकून खाली आले.

तिसऱ्या दिवशी उठावण्याला, म्हणजे शोकसभेला, मंदिराच्या सभागृहात गाव जमलं होतं. आमच्या जैन समाजातली, बाजारातली, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं. एकेक जण उठून बोलत होता आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एकच गोष्ट येत होती : जयकुमारजींचं सायंकाळचं मौन. काय निग्रह, काय संयम! इतकी वर्षं दिवस मावळल्यावर या माणसानं कुणाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. संसारात राहून असं व्रत पाळणं सोपं नाही. एका वक्त्यानं तर सांगितलं, की शेवटच्या रात्रीही, मरण समोर दिसत असताना, त्यांनी व्रत मोडलं नाही. माना डोलल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या पारसचा चेहरा रडता रडता उजळला. आणि हे घडवलं कुणी, तर त्यांच्या वडिलांनी, आमच्या बाबूजींनी, असंही कुणी तरी म्हणालं. "शिस्त पाहा त्या काळची!" मी बायकांत बसले होते. मला इतका संताप आला, की शेजारणीनं माझा हात धरला. तिला वाटलं, मला हुंदका आला.

ते व्रत नव्हतं. दादानं कधी कुठल्या महाराजांसमोर मौनाचा नियम घेतला नव्हता. दिवस मावळल्यावर कुणी काही विचारलं की त्याचं तोंड बंद व्हायचं, एवढंच. ते कसं बंद झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि आता पाहिलेली मी एकटीच उरले आहे. म्हणून लिहिते.

आमच्या बाबूजींचं दुकान आणि शेजारचं दुकान यांच्या मधे एक भिंत होती. ती कुणाची, यावरून वाशिमच्या कोर्टात बरीच वर्षं दावा चालला. बाबूजी बोलायला कुणाला ऐकणारे नव्हते. बाजाराच्या दिवशी दहा गिऱ्हाइकांशी एकाच वेळी घासाघीस करत. पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि समोरच्या वकिलानं त्यांचा पार चेंदा केला. "भिंत पडली त्या दिवशी तुम्ही दुकानात होता की नव्हता? हो की नाही, तेवढंच सांगा." "होतो, पन..." "पण नको. होता?" "होतो, पन..." असं किती तरी वेळ. शेवटी न्यायाधीशही हसले म्हणे. दावा हरले, भिंत गेली, आणि बाबूजींना गावात नाव पडलं, 'होतो-पन शेठ'. बाजारातली पोरं पाठीमागून ओरडायची. तागडी हातात असताना बाबूजींचे कान लाल व्हायचे, मी पाहिलेले आहेत. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, की आपल्या घरात वकील पाहिजे. साधासुधा नाही, समोरच्याला 'पण' म्हणू न देणारा.

तेव्हा दादा पाचवीत होता.

त्या काळी वकिलीला प्रवेश परीक्षा अशी फारशी नव्हतीच. बी.ए. व्हायचं आणि लॉ कॉलेजात नाव घालायचं. पण वाशिमच्या एका वकिलाच्या कारकुनानं बाबूजींच्या डोक्यात भरवलं, की मोठ्या शहरात एक नामांकित कॉलेज आहे, तिथं आधी लेखी परीक्षा, मग तोंडी, आणि त्यातून निवडून काढलेलीच पोरं घेतात. तिथून निघालेला वकील हायकोर्टाच्या खाली उभाच राहत नाही. बाबूजींना हे फार आवडलं. परीक्षेला आणखी दहा-अकरा वर्षं आहेत, असं बाईनं, म्हणजे आमच्या आईनं, दबक्या आवाजात म्हणून पाहिलं. बाबूजी म्हणाले, "भिंत पडाच्या आधी डागडुजी करा लागते. मंग काय करतं?" त्यांच्या बोलण्यात सगळीकडून भिंतच यायची.

आमच्या घरी चौविहार होता, म्हणजे दिवस मावळला की अन्न नाही आणि पाणीही नाही, ते थेट सकाळी ऊन आल्यावर. आम्हा पोरांना त्याचं काही वाटायचं नाही. शाळेतून आलं, हातपाय धुतले, ओट्यावर ताटं मांडली, जेवलं, की समोरच्या कापसाच्या जिनिंगच्या पत्र्यांमागं सूर्य जायचा. जगात सगळे असंच जेवतात, असं आम्हाला वाटे. बाबूजींनी या जेवणाचीच परीक्षा केली. दादाचं ताट वाढून व्हायचं. त्यावर बाईच्या माहेरचं पितळी ताट पालथं पडायचं. तिचं नाव त्याच्या काठावर कोरलेलं होतं. मग प्रश्न सुरू व्हायचे. ठरलेले सगळे प्रश्न बरोबर आले, की झाकण उचलायचं आणि जेवायचं. एक जरी चुकला, तर पहिल्यापासून. आणि पत्र्यांमागं सूर्य गेला, की झालं. बाबूजी उठायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "कोर्ट उठलं." ताट तसंच आत जायचं. सकाळी ते गाईपुढं.

मारणं नाही, ओरडणं नाही. बाबूजींनी दादाच्या अंगाला कधी बोट लावलं नाही, हे गावात अजून कौतुकानं सांगतात. बोट लावायची गरजच नव्हती. सूर्य त्यांच्या नोकरीत होता. बाईनं आत नेऊन चोरून घास भरवला असता, तर सगळं बरं झालं असतं. पण बाईची श्रद्धा इतकी खरी होती, की अंधारात लेकराला अन्न द्यायला तिचा हात उचलेना. ती त्याच्याबरोबर उपाशी राहायची. तेवढंच तिला करता यायचं. एकदा मात्र तिनं प्रश्न सुरू व्हायच्या आत त्याच्या चड्डीच्या खिशात फुटाणे कोंबले. सकाळी दादानं ते तसेच्या तसे तिच्या ओच्यात टाकले. "दिवस गेल्यावर सापडले वो बाई," तो म्हणाला, "पाप लागते नं?" बाई चुलीपुढं बसून राहिली. दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही.

बाबूजी मात्र आधी जेवून घ्यायचे. "न्यायाधीशाचं पोट भरेल पायजे," म्हणायचे, "भुकेला मानूस चुकीचा निकाल देते." आणि मला दादाच्या समोर बसवायचे. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. माझ्या वरणावर तुपाची धार जरा जास्त पडायची आणि बाबूजी दादाला म्हणायचे, "पाय, हे विमल. हिले काहीच येत नाही, तरी मजेनं जेवून राह्यली. तुले येते, मंग तू काहून उपाशी रायतं?" दादा माझ्या ताटाकडे पाहायचा नाही. तो पश्चिमेकडे पाहायचा. पोटाचं काय ते तिकडून ठरायचं. मला मात्र सगळं येत होतं. रोज तेच ऐकून मला राष्ट्रपतींची, सरन्यायाधीशांची नावं, दिवाणी आणि फौजदारीतला फरक, दखलपात्र म्हणजे काय, सगळं तोंडपाठ झालं. अजूनही आहे. मला कुणी विचारलं नाही, म्हणून माझी भूक शाबूत राहिली.

उन्हाळ्यात दादा बरा दिसायचा. सूर्य उशिरापर्यंत रेंगाळायचा, एखादा प्रश्न चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून यायला वेळ मिळायचा. दिवाळी झाली, की तो वाळायला लागायचा. शाळा सुटून घरी येईपर्यंत ऊन जिनिंगच्या पत्र्यांवर टेकलेलं असायचं. संक्रांतीच्या सुमारास त्याच्या गळ्याची हाडं वर यायची. शाळेतले मास्तर बाबूजींना म्हणाले, पोराला जंत झालेत, औषध द्या. बाबूजींनी औषध आणलं. तेही जेवणानंतर, दिवस मावळायच्या आतच द्यायचं होतं, म्हणून राहून गेलं. बहात्तरच्या दुष्काळात गावातली माणसं रेशनचा लाल मिलो दळून त्याच्या भाकरी खात होती, रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. आमच्या घरात ज्वारीची पोती होती, तुरीची होती, तेलाचे डबे होते. शेलूबाजारात पोट भरेल इतकं अन्न घरात असून उपाशी झोपणारा एकच पोरगा होता, आणि तो शेठचा होता.

मी म्हणते ते ऐकून कुणाला वाटेल, दादा मुखदुर्बळ असेल. मुळीच नाही. तो इतका हुशार आणि इतका चावट होता, की बाबूजींनाही कधी कधी ओठ दाबून हसू आवरावं लागायचं. आणीबाणी लागली त्या वर्षीची गोष्ट. ओट्याला लागूनच दुकान, तिथं दोन-चार माणसं बसलेली होती. समोर बाहेर चौकात पोलीस उभा. बाबूजींनी नेहमीचा प्रश्न टाकला, "मूलभूत अधिकार किती?" दादा पटकन म्हणाला, "पुस्तकात सात. सद्या एकबी नाही." एक जण काडेपेटी न घेताच उठून गेला. मी घास तोंडात धरून बसले होते. मला वाटलं, आता बाबूजी हसतील... त्यांना उत्तर आवडलं होतं, त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं. पण त्यांनी चौकातल्या पोलिसाकडे पाहिलं, आणि दादानं उचलायला घेतलेलं झाकण पुन्हा ताटावर दाबलं. "पयल्यापासून," म्हणाले. ऊन बरंच होतं, तरी त्या दिवशी दादाला पहिल्या प्रश्नाचंही उत्तर आलं नाही. त्याला पहिल्यांदा कळलं, की बरोबर उत्तरालाही जेवण मिळेलच असं नाही. त्याचा चावटपणा मी त्यानंतर फारसा पाहिला नाही.

पुढं कॉलेज आलं. दादा एस.टी.नं वाशिमला जाऊन-येऊन बी.ए. झाला. बाकीची पोरं खोली करून राहिली. दादाला परवानगी नव्हती, कारण संध्याकाळी ताटावर यायचं असे. मिशा फुटलेला, खांद्यानं बाबूजींहून रुंद झालेला माणूस मांडी घालून पालथ्या ताटासमोर बसायचा आणि उत्तरं द्यायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "दादा, आता तू एवढा मोठा झाला. उचल नं झाकन अन जेव. काय करतीन ते?" तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी परकी भाषा बोलत होते. तोपर्यंत त्याचं चुकणं जवळजवळ बंद झालं होतं. अगदी बिनचूक आणि पटापट, एका दमात. ऊन असेपर्यंत त्याच्यासमोर कुणी टिकलं नसतं. बाबूजींची छाती फुगायची. गावातली 'होतो-पन'ची आरोळीही तोवर थांबली होती. माणसं मुद्दाम ओट्याजवळ थांबून शेठच्या पोराची उत्तरं ऐकायची.

परीक्षेला बाबूजी त्याच्याबरोबर गेले. अकोल्याहून रेल्वेनं. बाईनं दोघांना दशम्या आणि तिळाची चटणी बांधून दिली होती. लेखी परीक्षेत दादाचं नाव पहिल्या काही जणांत लागलं. दुसऱ्या दिवशी तोंडी होती आणि त्याचा नंबर अगदी शेवटी आला. पुढचं मला दादानंच सांगितलं, कित्येक वर्षांनी, माझ्या घरी अंगणात भर दुपारी शेंगा फोडता फोडता. बाबूजी बाहेर व्हरांड्यात डबा घेऊन बसले होते. त्या दिवशी, आयुष्यात एकदाच, ते आधी जेवले नव्हते. दोघं बरोबर जेवू, म्हणाले होते. आत मोठी खोली, लांब टेबल, टेबलापलीकडे तीन-चार म्हातारे वकील आणि त्यांच्या पाठीमागं पश्चिमेची खिडकी. पहिले प्रश्न दादानं असे उडवले, की एक जण चष्मा काढून त्याच्याकडे बघत बसला. दुसऱ्यानं शेजारच्याच्या कानात काही सांगितलं, दोघं खुशीत हसले. मग समोरच्या इमारतीमागं सूर्य गेला. मधल्या वकिलानं फाइल मिटत, सहज, घरच्यासारखं विचारलं, "बरं, तुम्हाला वकील का व्हायचंय?"

"विमल, तोंडच उघडेना," दादा म्हणाला. हातातली शेंग तशीच होती. "उत्तर होतं माझ्यापाशी. लय उत्तरं होती. पन दिवस गेला होता. आता उत्तर देऊन काय भेटनार होतं?"

त्यांनी दोनदा विचारलं. पाणी पुढं केलं. पाणी पाहिल्यावर तर दादा उठूनच उभा राहिला, हात जोडले, आणि खोलीच्या बाहेर आला. बाबूजी डबा घेऊन धडपडत पुढं झाले. "काय विचारलं? काय सांगतलं तू?" दादा गप्प. रात्रभर धर्मशाळेत गप्प. सकाळी गाडीत ऊन खिडकीतून आत आलं तेव्हा तो आपण होऊन म्हणाला, "बाबूजी, शेवटच्या प्रश्नाले मी काही बोललो नाही." "काहून?" "दिवस मावळला होता नं." पुढच्या स्टेशनावर उतरून बाबूजींनी डब्यातल्या दशम्या एका गाईपुढं ठेवल्या. त्यांना समजलं असणार. समजलं नसतं, तर त्यांनी त्याला मारलं असतं.

मारलं असतं तर बरं झालं असतं. बाबूजींनी काय केलं, तर त्या दिवसापासून मरेपर्यंत दादाला एकही प्रश्न विचारला नाही. 'जेवला काय' हेसुद्धा नाही. एका गादीवर बसून दोघांनी वर्षानुवर्षं दुकान चालवलं. बाबूजी हुकूम द्यायचे, बातमी सांगायचे, गिऱ्हाइकाला विचारायचे, मला पत्रातून विचारायचे, बैलाला विचारायचे, पण दादाला नाही. पालथं ताट आतल्या फळीवर गेलं. दादा रोज वेळेवर, गरम गरम, पोटभर जेवायला लागला आणि अंगानं भरला. गावाला वाटलं, परीक्षा हुकली ते बरंच झालं, पोरगा सुधारला. संध्याकाळच्या त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीनं लावला. कुणी तरी पहिल्यांदा 'मौन' म्हणालं असेल, आणि दादानं नाही म्हटलं नसेल. बहुतेक दिवस मावळल्यावर विचारलं असेल.

त्याची सोयरीक ठरवताना झालेला प्रकार तर आम्ही बायका अजून सांगून हसतो... म्हणजे हसायचो. केनवडच्या एका घरी मुलगी पाहायला गेलो, रस्त्यात जीप बंद पडली, पोचायला संध्याकाळ झाली. मुलीच्या मामानं विचारलं, "शिक्षन किती झालं तुमचं?" दादा हात जोडून बसलेला. "दुकान कुठं हाय?" हात जोडलेले. मुलीची आजी आतून म्हणाली, "अवो, मुका पोरगा आनला काय हे?" आम्ही तसेच उठलो. नंतर सुशीलावहिनी झाली ती भर बारा वाजता पाहून. तिला मी लग्नाच्या आधीच सांगून ठेवलं होतं, काय विचारायचं ते उजेडी विचार. ती भली बाई. तिनं कारण विचारलं नाही, संसारभर सांभाळून घेतलं. संध्याकाळी दादाचं डोकं दुखलं, तर ती प्रश्न करायची नाही, नुसती कपाळाला हात लावून पाहायची. त्याला जे सांगायचं असे ते मग आपोआप यायचं. दिवस मावळल्यावर दादा बोलायचा, हे लोक विसरतात. फक्त उत्तर द्यायचा नाही. वहिनी चार वर्षांपूर्वी गेली. ती असती, तर त्या रात्री तिनं त्याला काही विचारलं नसतं, आणि तो वाचला असता. पारसनं काळजीनं विचारलं, तिथंच सगळं संपलं.

पारस, हे तुला माझ्याच्यानं तोंडी सांगवलं नाही. तू हे लिहिलेलं वाचशील, तर दुपारी वाच. तुझ्या बापानं व्रत केलं नाही. तुझ्या आजोबांनी त्याला शिस्त लावली नाही. आणि हे मी तुला का सांगते आहे, ते तुला आता पुढं कळेल.

उठावण्याच्या संध्याकाळी पाहुणे पांगले आणि मी ओट्यावर येऊन बसले. जिनिंग केव्हाच बंद पडली आहे, पण तिचे पत्रे अजून समोर उभे आहेत. ऊन त्यांच्यावर टेकलेलं होतं. पारसची मुलगी प्रांजल नववीत आहे. तिला वकील व्हायचं आहे, किंवा पारसला ती व्हायला हवी आहे. बारावीनंतरच्या त्या देशभराच्या प्रवेश परीक्षेचा क्लास तिनं आतापासून मोबाइलवर लावला आहे. लवकर सुरुवात केली की सोपं जातं, असं तिथले सर सांगतात म्हणे. तिच्यासमोर वाढलेलं ताट होतं. त्याच्यावर पितळी ताट पालथं. काठावरचं बाईचं नाव घासून घासून पुसट झालं आहे, पण मी ते अंधारातही ओळखीन. पारस मोबाइलमध्ये बघून प्रश्न विचारत होता. सुतकातही आजचा सराव बुडायला नको. "आमच्या आजोबायची पद्धत हाय, आत्या," तो मला कौतुकानं म्हणाला. "फळीवर ताट सापडलं, अन गावातल्या म्हाताऱ्यायनं सांगतलं कसं करत होते ते. पप्पायनं कधी नाही म्हटलं नाही. ते तर रोज इथंच बसायचे पोरीपाशी."

"बसून काय करायचा?" मी विचारलं.

"काही नाही. मधातच झाकन उचलून आपल्या मांडीवर घेऊन बसायचे. मंग पोरगी लगेच जेवाले लागे. लाड, दुसरं काय!"

सगळ्या आयुष्यात दादानं बाबूजींना दिलेलं उत्तर तेवढंच होतं, आणि घरात ते कुणाला ऐकू गेलं नव्हतं. मी सरकत सरकत दादाच्या जागेवर गेले. गुडघे दुखतात, वेळ लागला. "आत्या, दोनच राह्यले," पारस म्हणाला. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. झाकण उचललं आणि मांडीवर घेतलं. भाकरी, पिठलं, मेथीची भाजी. सगळं गरम होतं. प्रांजलनं ताटाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. तिनं मान वर करून जिनिंगच्या पत्र्यांकडे पाहिलं. तिथं आता नुसता तांबूस उजेड उरला होता.

"खाय नं बेटा," मी म्हटलं. "भूक नाही लागली काय?"

तिनं हात जोडले आणि गप्प बसली. पारस मोबाइल हातात धरून आळीपाळीनं तिच्याकडे आणि माझ्याकडे पाहत होता. माझ्या मांडीवरचं ताट आतून वाफेनं ओलं होतं, आणि ते पाणी हळूहळू माझ्या लुगड्यात उतरत होतं.